कडू घासाची गाडी

माहं नाव सुमन. माहेर मंगरूळपीरच्या अंगाचं, सासर हे असं वाशिमकडच्या मालेगावहून जऊळक्याच्या ठेसनाकडे जातांनी डाव्या हाताले लागते ते. बाप मंगरूळच्या बाजारात हमाली करे, माय लोकाच्या वावरात निंदाले जाये, अन् आमी पोरी तिच्या मागं मागं. आता तुमी कागद-पेन घेऊन विचारसान की मंग ह्या फिरत्या हॉटेलाची अक्कल कुठून आली, तर काय सांगू तुमाले, हॉटेल आमी पोरीईनं बाहेरूनच पाह्यलेलं. अक्कल आली मौतीच्या घरून. हसू नका, खरं सांगून राह्यली.

ज्या घरचं माणूस जाते, त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. माती देऊन लोक परत येतात, अंगोळी होतात, मंग गल्लीतल्या बाया आपापल्या चुलीवरून पातळ बेसन अन् ज्वारीच्या भाकरी घेऊन येतात अन् घरच्याईले बळजबरी दोन घास चारतात. त्याले कडू घास म्हणतात. आमच्या बौद्धाईत आहे, पाटलाईत आहे, मुसलमानाईत तर तीन तीन दिवस शेजारीच जेवण पुरवतात. बेसनाले फोडणी द्यायची नाही, वास गल्लीत सुटला नाही पायजे, अन् खाणाऱ्यानं मीठ मागायचं नाही. माही माय ह्या कामात एक नंबर. एका डोळ्यानं रडे अन् दुसऱ्या डोळ्यानं सोयरे किती आले ते पाहे, मंग डोळे पुसून घरी येऊन परात ओढे. मी तिच्या बाजूले बसून भाकर थापाले शिकली. म्हणजे माही शाळा म्हणा ना, लोकाच्या मरणात भरली.

लग्न झालं दादारावसंग. हो, मी नवऱ्याचं नाव घेते, तो होता तवाही घेत होती, त्याले आवडे. दादाराव काळीपिवळी जीपवर ड्रायव्हर, मालेगाव ते जऊळका, आत माणसं, टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं. त्याले एकच शौक, हॉर्नचा. गर्दीत वाजवणार नाही, मोकळ्या रस्त्यावर वाजवे. काहून म्हटलं तर म्हणे, बाभळीईले सांगून राह्यलो, दादाराव आला. असा माणूस. मंग घरोघरी मोटरसायकल आली, जीपमध्ये बसाले बुढे अन् बकऱ्या उरल्या, मालकानं जीप विकली, अन् दादाराव घरी बसून माह्या हाताकडे पाहू लागले. एक दिवस म्हणे, सुमन, तुह्या हाताले चव आहे अन् माह्या हाताले स्टेरिंग आहे, दोन्ही एका जागी करू.

मंग आमी जुना टेम्पो घेतला, छोटा हत्ती म्हणतात ना तो. मालेगावच्या वेल्डरनं त्याचं एक अंग कापून वर उचलाचं झाकण केलं, आत शेगड्या बसवल्या, पाण्याची टाकी बसवली. पेंटरले म्हटलं एक लाल मिरची काढ, तर त्यानं असी चोचीवाणी वाकडी मिरची काढली की लोकं विचारत, बाई, पोपट विकता काय? खाली मोठ्या अक्षरात फिरतं हॉटेल अन् माहा मोबाइल नंबर. आठवडी बाजार धरले, आज हा गाव, उद्या तो गाव, आलुबोंडा, तर्रीपोहे, त्यावर कढी. पण बाप्पा, बाजारात आलुबोंड्याच्या गाड्या भाजीवाल्याईपेक्षा जास्त. जागेवरून भांडणं, स्टँडवर उभं राह्यलं तर तठचा जुना गाडीवाला दादारावच्या अंगावर धावून आला. राह्यलेले बोंडे आमी घरी खाल्ले, पोरीले चारले, शेवटी शेवटी आमच्या कुत्र्यानं बोंडा पाह्यला की तोंड फिरवे. दादाराव मात्र खुशीत, हॉर्न वाजवत बाजारात शिरे, जसं काही मंत्रीच आला.

अन् मंग एका गावाच्या शिवेवर गाडी गरम झाली. भर सोयाबीनच्या काढणीचे दिवस. दादाराव पाणी आणाले गेले तर गावात मौत झालेली, म्हातारं माणूस गेलं होतं, लोक माती देऊन परत आलेले, सोयरे लांबून आलेले, अन् घास द्याले कोणीच नाही. गल्लीतल्या बाया वावरात, जवान पोट्टे पुण्याले कंपनीत, उरलेल्या सुना पोळीवाल्या, भाकर थापता येत नाही. अन् थापंल कायची? ज्वारी पेरते कोण आता? पेरली तर रोही अन् डुकरं कणीस ठेवत नाहीत, सगळ्या वावरात सोयाबीन अन् तूर. एक बुवा काठी टेकत आमच्या गाडीपाशी आला अन् म्हणे, बाई, तुह्यापाशी भाकरीचं पीठ आहे काय? होतं, आमच्या घरच्यासाठी दळून आणलेलं. मी गाडीतच परात घेतली. बाजारातले बोंडे राह्यले बाजूले, मी थापत गेली, दादाराव शेकत गेले, बेसन केलं मायनं शिकवलं तसं, फोडणी न देता. लोकं जेवले. त्या घरची बुढी, जिचा नवरा गेला ती, माहा हात धरून म्हणे, माह्या मायच्या हातची भाकर वाटली वं. मी रडली. पाह्यलं, मलेही एका डोळ्यानं रडता येते.

त्यानंतर फोन सुरू झाले. पहिले त्या गावचा, मंग शेजारच्या, मंग नंबर कोणीतरी गावागावाच्या ग्रुपवर टाकला. कडू घास पायजे, कुठी यायचं, किती माणसं. धंद्याची गोष्ट विचारता ना, तर लिहून घ्या. ह्या धंद्यात तेल लागत नाही, तळण नाही. माल उरत नाही. मौतीच्या घरचा माणूस भाव करत नाही अन् उधारही ठेवत नाही. बाजाराले गिऱ्हाईकाची वाट पाहावी लागते, अठी गिऱ्हाईक आपली वाट पाहते. घरावर स्लॅब पडला, पोरगी वैशाली शिकली, वाशिमले चांगल्या घरी गेली. मी कायदेही केले धंद्याचे: गाडी दारात लावायची नाही, वेशीवर उभी करायची. मिरचीवर चादर टाकायची. अन् हॉर्न नाही.

हॉर्न नाही म्हटलं तवा दादारावनं स्टेरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मले दिसलं.

अन् लोकाईचं काय झालं म्हणता? गाडी रस्त्यानं निघाली की पारावरचे बुढे उठून विचारत, कोण गेलं? कोणी गेलं नाही, बाप्पा, गहू दळाले चाललो. बाजारात बोंडे घेऊन उभं राह्यलं तर बाया पदर सावरून दुसऱ्या अंगानं जायच्या. एकदा तर असं झालं, एका गावात गाडी पंक्चर झाली अन् झाली ती नेमकी एका आजारी बुढ्याच्या दारासमोर. घरातून सून धावत आली, काकू, हात जोडते, अठी नका थांबू. तिच्या मागून बुढा सोताच बाहेर आला, धोतर सावरत, काठी उगारून म्हणे, ए, मी अजून आहे, पुढं घे, पुढं घे! दादाराव म्हणे, बुवा, चाक बसलं. बुढा म्हणे, मंग मी बसतो, पण खाणार नाही! अन् ओट्यावर बसून राह्यला, आमच्याकडे पाहत, चाक बदलेपर्यंत. आमी निघालो तवा म्हणे, बोंडा आहे काय? दिला. खाल्ला. अन् मंग चांगला जगला, बरं का. मी ही गोष्ट ज्याले त्याले सांगे अन् लोकं पोट धरून हसत, पण गाडीत माह्या बाजूले बसलेला माणूस हसत नसे.

दादारावले लग्नात उभं राह्याचं होतं. वाजंत्री, पोरंसोरं, त्यात आपली लाल गाडी. एकही लग्नवाला बोलवत नव्हता, कोण बोलवंल? वैशालीच्या लग्नात वराकडच्याईनं निरोप पाठवला, गाडी मांडवापाशी दिसू देऊ नका. दादारावनं सोता गाडी नेऊन वावरात उभी केली, वर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकल्या अन् मंग येऊन पोरीच्या डोक्यावर अक्षदा टाकल्या. मंग त्याची शुगर वाढली, छातीत दुखू लागलं, डॉक्टरनं गोळ्या देल्या. एक दिवस, गाडीत आमी दोघंच, कोण्या गावच्या वेशीवर उभे, मी भाकर थापून राह्यली, तो म्हणे, सुमन, माह्या वेळेले ही गाडी नको. मी म्हटलं, मंग काय विमान आणू? तो म्हणे, मस्करी नको करू. गल्लीतल्या कोणाच्या तरी चुलीवरची भाकर पायजे. मी म्हटलं, तुमी थोडीच खासान? तो म्हणे, मी नाही, तू खाशीन ना.

आता हे वाक्य तुमी तुमच्या कागदावर लिहून घेतलं, माह्या छातीत लिहिलेलं आहे, अठी. त्या दिवसापासून कोणत्याही घरी भाकर वाढली की मी गल्लीकडे पाहे, कोणाच्या घरातून धूर निघते काय. नाही निघे. मी कोणाच्या चुलीत पाणी ओतलं नव्हतं, बरं, त्याईनं सोता होऊन विझवली होती, पण विझलेली दिसे ती मलेच. अन् मनात येई, आपल्या गल्लीत कोण? समोरच्या घरी कुलूप, पोरं पुण्याले. पलीकडे संतोषचं घर, तोही पुण्याले, घरी बायको शोभा अन् दोन लेकरं. त्याच्या पलीकडे पुंजाजीबुवा, एकटा जीव, सोता शेजाऱ्याच्या ताटावर. मी दादारावकडे पाहे अन् म्हणे, तुमी मरूच नका, सोपं पडंल. तो म्हणे, पाहतो.

नाही पाह्यलं. सकाळी आरसा खिडकीत लावून दाढी करत होता, एका गालाले साबण, दुसरा गाल साफ, मी चहा घेऊन आली तर भिंतीले टेकलेला. मी म्हटलं, नाटकं करू नका, चहा थंडा होते. मी नाटकी बाई, मले वाटलं तोही शिकला.

वैशाली अन् जावई वाशिमहून आले, सोयरे आले, दुपारच्याले माती झाली. दुसऱ्या गालाची दाढी जावयानं करून देली होती. परत येऊन लोकं अंगणात बसले. अन् अंगणात गाडी उभी, मिरचीचं तोंड लोकाईकडे. कोणीच उठेना. मी भिंतीले टेकून बसली होती, मले समजून राह्यलं होतं, एवढ्या मौतीचा धंदा केला, मले नाही समजणार? ज्याले त्याले वाटून राह्यलं होतं, आता गाडी आहेच की. कोणाच्या मनात खोट नव्हती. सवयच मेली होती.

मंग पुंजाजीबुवानं घसा खाकरला. म्हणे, गाडीतली शेगडी म्हणजे घरची चूल होत नाही, चूल जमिनीवर राह्यते, हिले चाकं आहेत. माह्या नणदेचा नवरा म्हणे, पण मालकीण तर ह्याच घरची ना? तिसरा म्हणे, एक करू, गाडी ढकलत शिवेबाहेर नेऊ अन् तठी पेटवू, शिवेबाहेर घरचा नेम लागू होत नाही. चौथा म्हणे, हँडब्रेक कोणाले काढता येते? अन् दोघं-तिघं उठले, खरोखर उठले, बाह्या वर करून. मी म्हणणार होती, गाडी पेटणार नाही, त्याचा शब्द आहे. अन् तेवढ्यात माह्या पिशवीतला मोबाइल वाजला.

सवय म्हणजे काय राह्यते पाहा. मी उचलला अन् म्हटलं, बोला, कोणत्या गावाले? तिकडून पोऱ्या म्हणे, नमस्कार, कडू घासाची गाडी ना? आमच्या गल्लीत मौत झाली, मी पुण्याहून बोलून राह्यलो, बायकोचा फोन आला होता, घास द्याची पाळी आपल्या घराकडं येते म्हणे, तर तुमी पोहचवता काय? मी आवाज ओळखला, संतोष. ग्रुपवरून नंबर उचलून लावलेला, कोणाचा आहे हे बिचाऱ्यानं पाह्यलंच नव्हतं. मी विचारलं, जसं सगळ्याईले विचारते, कोण गेलं? तो म्हणे, दादाराव काका. अंगणातले सगळे माह्याकडे पाहत. मंग तो बारीक आवाजात म्हणे, सुमनकाकू?

मी म्हटलं, हो रे बाबू. आज गाडी बंद आहे.

तो रडाले लागला. काकू, चुकलं, मंग आता कुठून आणू? मी म्हटलं, आणू नको. तुह्या घरी गॅस आहे? आहे. बेसन आहे? असंल. शोभाले म्हण, परात काढ. दोन मिनिटं नाही झाले तर शोभाचा फोन, दोन घरं सोडून राह्यते अन् फोन करून राह्यली, यायची हिंमत नाही. काकू, मले भाकर येत नाही वं. मी म्हटलं, मले नवऱ्याविना राह्यता येत नाही, शिकूनच राह्यलो ना आपण? पाणी गरम कर. ती म्हणे, ज्वारीचं पीठच नाही कोणाच्या घरी. पीठ होतं फक्त गाडीत. पुन्हा पुंजाजीबुवाकडे सगळ्याईच्या नजरा, पीठ चालते काय? बुवानं डोळे मिटले, उघडले अन् सोताचंच पहिलं बोलणं फिरवून म्हणे, पीठ चालते, आग चालत नाही. वैशाली पीठ घेऊन गेली. अंगणात बसलेल्या दुसऱ्या दोघी तिच्या मागं गेल्या. अन् मी, नव्या विधवेनं कसं कोपऱ्यात तोंड झाकून बसावं, तर मी फोन कानाले लावून, मयताले आलेल्या सगळ्या लोकाईसमोर ओरडून राह्यली, तळहातानं थाप, बोटानं नाही! फुटली? फुटू दे, पाणी लाव! बेसनात गुठळ्या झाल्या? घोट, हात दुखंपर्यंत घोट! एक सोयरा तोंडात रुमाल कोंबून हसत होता, मी पाह्यलं त्याले. दादाराव असता तर मोठ्यानं हसला असता.

भाकरी आल्या. काय त्या भाकरी! एक मालेगाव तालुक्याच्या नकाशावाणी, एक मधात कच्ची, एक जळलेली. शोभानं घास माह्या तोंडाशी आणला. आळणी. अर्धा कच्चा. यापेक्षा वाईट भाकर मी जन्मात खाल्ली नाही, अन् मी ती सगळी खाल्ली.

आता तुमाले वाटंल, मंग गल्ली सुधरली. कायची सुधरते? त्याच साली पुंजाजीबुवा गेले अन् फोन कोणाचा आला? शोभाचाच. काकू, गाडी घेऊन या, आमाले तुमच्यावाणी जमत नाही. मी पीठ मोजून गाडीत ठेवलं. मंग गेली. बुवाचे सोयरे उपाशी ठेवू काय?

गाडी आता मीच चालवते, जावयानं शिकवलं, पोलीस लायसन पाहते अन् दोनदा माह्या तोंडाकडे पाहते. धंदा चांगला चालू आहे, पहिल्यापेक्षा चांगला, अन् हे सांगतांनी मले आनंद होत नाही, कारण तो चांगला चालते म्हणजे काय होऊन राह्यलं ते तुमाले समजलं असंल. मी फक्त एक अट घातली. फोनवरच सांगते: बेसन माहं, भाकरी माह्या, पण पहिला घास गल्लीतल्या चुलीवरच्या भाकरीचा, एकच भाकर, कसीही असो. नाही तर गाडीचं झाकण उघडणार नाही. हो हो म्हणतात. मंग कोणी पाकिटातली पोळी पुढं करते, कोणी बाजूच्या हॉटेलातून आणते, जसं काही मले समजतच नाही.

परवा जऊळक्याच्या अंगाले एका गावात गेली तर तेही नाही. बाया उभ्या, पदर तोंडात. आत माणसं भुकेली. गाडी परत फिरवू तर शकत नाही, अन् वाढू तर शब्द जाते. मंग मी उतरली, पहिल्या दारात गेली अन् तठच्या सुनेले म्हटलं, पोरी, बस खाली. ती म्हणे, मावशी, लोकं थांबले. मी म्हटलं, थांबू दे, मौतीच्या घरी कोणाले घाई राह्यते? माहंच पीठ, तिची परात, तिचा गॅस. तिचे हात धरून थापून घेतली. वेळ लागला. तिचा सासरा बडबडला, ह्या गाडीवालीनं तमाशा लावला. लावला तर लावला. ती भाकर तिच्याच हातानं त्या घरी पाठवली, मंग मी झाकण उघडलं. ती पोरगी पुन्हा कधी थापंल काय? मले नाही वाटत. मी आहे तोवर एक एक करून काढून घेईन, मंग कोण काढंल हे मले माहीत नाही. माह्या वैशालीलेही भाकर येत नाही, दर खेपेले म्हणते, आई, पुढच्या वेळेले शिकते.

तुमच्या गल्लीत कोणाले येते? नाही सांगता येत ना. घरी गेल्यावर विचारून ठेवा. अन् आता उठा, उन्हं उतरले, गाडी चुकंल तुमची. तुमाले अन् तुमच्याईले उदंड आयुष्य लाभो. तुमच्या गावचा रस्ता मले माहीत नाही, अन् तो मले कोणी सांगू नये.